आमची घरगुती शाळा

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला निर्णय घेण्याची सवय नसते. त्याच्याकडे आलेला प्रत्येक प्रश्न मुळात वरच्या टेबलाचा असतो. 'साहेबांना विचारा', 'हेड ऑफिसला लिहिलंय' आणि 'सर्क्युलर आलं की बघू' या तीन वाक्यांवर मी बावीस वर्षे नोकरी केली. मध्यंतरी बढती चालून आली होती. तिच्याबरोबर बदली आणि निर्णय अशी दोन संकटे येणार होती, म्हणून ती मी नम्रपणे नाकारली. घरातही हाच शिरस्ता. भाजी कोणती आणायची हे सौभाग्यवती ठरवते, ती कशी करायची हे आई ठरवते आणि ती खायची की नाही हे आमची कन्या ठरवते. माझ्याकडे फक्त पिशवी असते.

त्यामुळे २०२५ चा जून तोंडावर आला आणि 'चिऊला पहिलीत कुठं घालायचं?' हा प्रश्न सर्वानुमते माझ्या टेबलावर येऊन पडला, तेव्हा मी सवयीने वर पाहिले. वर फक्त पंखा होता.

आमचे सातारा शाळांच्या बाबतीत तसे खाऊनपिऊन सुखी. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव याच जिल्ह्यातले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती सातारला आणली. तेव्हा 'शाळाच नाही हो गावात' अशी सबब सातारकराला सांगता येत नाही. शाळा आहेत. रग्गड आहेत. सकाळी पोवई नाक्यावर उभे राहावे, पिवळ्या बसा मोजता मोजता आपली एस. टी. चुकते.

पण आमची अडचण निराळी होती. चिऊ बोलताना अडखळते. शब्द ओठांपर्यंत येतो, दारात चप्पल सापडत नसल्यासारखा घुटमळतो आणि मग एकदम बाहेर पडतो. त्यातही 'प' हे अक्षर म्हणजे मोठाच गतिरोधक. आणि तिचे पाळण्यातले नाव नेमके 'प'वरून. पत्रिकेत अक्षरच तसे निघाले. आईने ते वाचून दाखवले तेव्हा मी गप्प बसलो. गप्प का बसलो ते पुढे सांगतो.

बालवाडीची दोन वर्षे तिने एका खाजगी इंग्रजी शाळेत काढली. स्नेहसंमेलनात पहिल्या वर्षी ती झाड झाली आणि दुसऱ्या वर्षी डोंगर. दोन्ही भूमिका तिने न हलता, उत्तम केल्या. पहिलीच्या प्रवेशाला मात्र झाडाला चालत नाही, बोलावे लागते. लहान मुलांची मुलाखत घ्यायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे, म्हणून त्या शाळेत मुलाखतीला 'इंटरॅक्शन' म्हणतात. टेबलामागच्या बाईंनी नाव विचारले. चिऊने सुरुवात केली, "प... प..." बाईंनी घड्याळाकडे पाहिले आणि परोपकारी बुद्धीने नावे पुरवायला सुरुवात केली. "प्राची? पल्लवी? प्रिया?" बारशाला जमलेल्या बायकांनीही इतकी नावे सुचवली नव्हती. चिऊ एकेका नावाला मान हलवून नकार देत होती. मग ती गप्पच झाली. बाई मला म्हणाल्या, "अजून थोडे दिवस घरीच राहू दे तिला. पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य मी काउंटरच्या आतल्या बाजूने हजार वेळा उच्चारले आहे. बाहेरच्या बाजूने ऐकायला ते कसे लागते ते त्या दिवशी कळले.

पायऱ्या उतरताना चिऊने विचारले, "बाबा, त्या बाईंना म-माझं नाव कुणी सांगितलंच नव्हतं का?"

त्याच आठवड्यात पुण्याहून माझे धाकटे मेहुणे आले. ते संगणकावर काहीतरी करतात. नक्की काय ते मला अजून समजलेले नाही, पण घरबसल्या करतात. त्यांची दोन्ही मुले शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. थोरला नऊ वर्षांचा आहे आणि मधमाश्या पाळतो. मधमाश्यांचे सोडा, मला त्या वयात चपला सांभाळता येत नव्हत्या.

"दाजी, शाळा म्हणजे कारखाना," मेहुणे म्हणाले. "सगळ्यांना एकाच वेळी गणित, एकाच वेळी भूक."

"आमच्या बँकेतही दोन वाजता सगळ्यांना भूक लागते," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी! ती सवय शाळेनंच लावली तुम्हाला."

मग त्यांनी मला बरेच काही ऐकवले. जॉन होल्ट नावाच्या एका अमेरिकन मास्तरांनी शाळांत शिकवून शिकवून शेवटी शाळेचाच नाद सोडला आणि १९७७ साली शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी एक नियतकालिक काढले, ही हकिगत मला त्यांच्याकडूनच कळली. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मुलांना घरी शिकवायला परवानगी आहे, आणि तिकडे जर्मनीत चक्क बंदी. एडिसनला त्याच्या आईने घरी शिकवले. टागोर शाळेत टिकले नाहीत. टागोरांचे नाव निघाले की मी नेहमी नमते घेतो, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले की याच टागोरांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली. म्हणजे शाळेतून निसटलेला माणूस शेवटी सापडला तो शाळेतच.

तसे पाहिले तर घरच्या शाळेची आपल्याला नवलाई नको. जोतीरावांनी सावित्रीबाईंना आणि न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना घरीच शिकवायला सुरुवात केली. पण बायकांना शाळेचे दार तेव्हा जवळजवळ बंदच होते. आणि जोतीराव तरी घरी थांबले कुठे? १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडूनच त्यांनी दम घेतला. हा मुद्दा मी सकाळी मेहुण्यांपुढे मांडणार होतो. ते तोवर पुण्याला गेले होते. माझे चांगले मुद्दे नेहमी सातची गाडी गेल्यावर येतात.

मग मी कायदा काढून वाचला. सर्क्युलर वाचण्यात हयात गेल्यामुळे कलमांची मला भीती वाटत नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे आईबापांचे कर्तव्य आहे असे त्याचे दहावे कलम सांगते. नाही घातले तर काय? त्यावर कायदा मौन पाळतो. मुलाखत घेणाऱ्या शाळेला पहिल्या खेपेस पंचवीस हजारांपर्यंत दंड, पण मूल घरी ठेवणाऱ्या बापाला दमडीचाही नाही. शिवाय पुढे वाटाही आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या परीक्षा आहेत, आणि दहावीला आपला सतरा नंबरचा फॉर्म आहेच. थोडक्यात, घरची शाळा कायद्याने मंजूर नाही आणि नामंजूरही नाही. आमच्या बँकेत अशा रकमेला 'सस्पेन्स'मध्ये टाकतात.

मी चिऊलाही तिथेच टाकले.

याच कायद्याच्या परिशिष्टात मला एक रत्न सापडले. पहिली ते पाचवीच्या शाळेचे वर्षाला कामाचे दिवस किमान २०० आणि शिकवण्याचे तास ८००. म्हणजे दिवसाला चार तास. हिशेब सुटला की मला शिक्षणातले सगळे कळल्यासारखे वाटते. मी एक जाड बांधणीचे रजिस्टर आणले, लाल आणि निळ्या रेघा मारल्या आणि वर झोकात लिहिले, 'घरगुती शाळा, इयत्ता पहिली. देणे तास ८००.' सौभाग्यवती पोस्टात नोकरीला आहे, ती नऊला निघते. मी साडेनऊला. तेव्हा सकाळी सहा ते आठ मी, संध्याकाळी सात ते नऊ मी, आणि मधला वेळ आई, अशी विभागणी झाली.

१६ जूनला गावातल्या शाळा उघडल्या. त्याच सकाळी आमचीही उघडली. पटसंख्या एक, हजर एक. आठव्या मिनिटाला विद्यार्थिनीने मधली सुट्टी मागितली. दहाव्या मिनिटाला आई शिऱ्याची वाटी घेऊन वर्गात आली. मी म्हणालो, "आई, तास चालू आहे." ती म्हणाली, "चालू दे की, मी कुठं बंद करतेय?" आणि तिथेच बसली. मी सातारकर असल्यामुळे बेरीज कंदी पेढ्यांवर शिकवायला घेतली. तीन पेढे आणि दोन पेढे मिळून किती? चिऊने विचार करून सांगितले, "चार." कसे? तर म्हणे, "एक आज्जी खाईल." हे उत्तर चूक धरावे की बरोबर, यावर रजिस्टरात नोंद नाही.

पहिला आठवडा असा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की दिवसभर काउंटरवर बसून आलेला माणूस रात्री सात वाजता मास्तर म्हणून कुठल्याही शाळेने ठेवला नसता. पेन्शनरांचे हयातीचे दाखले, केवायसीचे कागद, बंद पडलेला सर्व्हर आणि त्यावर रागावलेली शंभर माणसे हे सगळे डोक्यात घेऊन मी विचारत असे, "सात आणि पाच किती?" चिऊला उत्तर ठाऊक असे. ती तोंड उघडे, "ब... ब..." आणि माझ्यातला कारकून रांग पुढे सरकवायला धावे. "बारा! बारा म्हण!"

वास्तविक, वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंना आम्ही चिऊला दाखवले होते. त्यांनी समजावून सांगितले होते की लहानपणीचे अडखळणे बहुतेक मुलांचे आपोआप सुटते, काहींचे राहते. पण ती बोलत असताना घाई करू नका, डोळे वटारू नका आणि तिचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. मी मान डोलावली होती. पण दुसऱ्याचे वाक्य पुरे करणे हाच माझा धंदा. समोरचा 'मला जरा ते' म्हणतो तोवर मी पैसे भरायची स्लिप काढलेली असते.

चौथ्या आठवड्यात चिऊने यातली मेख ओळखली. आपण पहिल्या अक्षरावर थांबलो की बाबा उरलेला शब्द देतात. मग ती थांबू लागली. मी विचारायचे, तिने 'न' म्हणायचे आणि मी 'नऊ' म्हणायचे. जुलै महिन्यात पहिलीचे निम्मे गणित मी स्वतः सोडवले. एकही चुकले नाही.

आईची शाळा मात्र बरी चालली होती, हे कबूल केले पाहिजे. तिच्याकडे रजिस्टर नव्हते. चिंचोके होते. चिऊ तिच्याजवळ बसून शेंगा सोलता सोलता शंभरपर्यंत मोजायला शिकली. वातींचे जोड लावून ती दोनदोनने पुढे जाऊ लागली. दिवेलागणीला दोघी मिळून शुभंकरोति म्हणत, आणि त्यात चिऊ कुठेही अडखळत नसे. मी हे ऐकत होतो. कारकुनी भाषेत सांगायचे तर 'नोंद घेतली'. म्हणजे काही केले नाही.

ऑगस्ट लागला. १ तारखेला मी रजिस्टर टॅली करायला बसलो. कामाचे दिवस एक्केचाळीस, म्हणजे तास १६४ व्हायला हवे होते. झाले होते सदतीस. त्यातले एकवीस शेंगांचे. तूट मोठी होती, पण तिने मी घाबरलो नाही. घाबरलो ते दुसऱ्याच गोष्टीने. मी हिशेब करत असताना चिऊ आली आणि तिने पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवले. नुसते बोट. मी पाणी दिले. ती गेली. मग मला आठवू लागले की काल तिने असेच पंख्याकडे बोट दाखवले होते आणि परवा चपलांकडे. 'पाणी', 'पंखा', 'पायताण'. आमची पोर 'प' टाळता टाळता हळूहळू बोलायचीच थांबत होती. आणि घरात आम्ही तिघे इतके समजूतदार की कुणालाही तिच्या बोलण्याची गरज पडत नव्हती.

त्या रात्री सौभाग्यवती भांडली नाही. रजिस्टरची पाने चाळत एवढेच म्हणाली, "तुम्ही चिऊला घरी ठेवलेलं नाही हो. तुम्ही स्वतःला घरी ठेवलंय."

इथे एक खाते उघडून दाखवावे लागेल, जे मी आतापर्यंत दाखवले नव्हते. मीही अडखळत होतो. आजही साहेबांशी फोनवर बोलताना 'प्रलंबित' हा शब्द आला की मी घाम पुसतो आणि 'राहिलेली' म्हणतो. माझी शाळा कोरेगाव तालुक्यातल्या गावची, जिल्हा परिषदेची. पत्रे गळके, वर्ग दोन, मास्तर एक. तिथे पोरांनी माझे नाव 'राजदूत' ठेवले होते. त्या काळी गावात एक राजदूत मोटरसायकल होती. ती एका किकमध्ये कधी सुरू होत नसे. खट, खट, खट, आणि मग एकदम फटफट. मी बोलायला उभा राहिलो की मागच्या बाकावरून पोरे पायाने किक मारल्याचा आवाज काढत. माझ्या पोरीला कुणी असे चिडवू नये, ही माझी शिक्षणविषयक संपूर्ण विचारसरणी. होल्ट, टागोर आणि मुक्त विद्यालय हे सगळे नंतर जोडलेले कागद.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर नेमका तोच आला ज्याने हे नाव ठेवले होते. आता त्याचा दुधाचा टेंपो आहे आणि खाते आमच्या शाखेत. अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारले, "काय रं राजदूत! पोरगी पयलीला गेली का न्हाई?"

मी खालच्या आवाजात म्हणालो, "नाही. घरीच शिकवतोय. अडखळते रे माझ्यासारखीच. शाळेत पोरं चिडवतील."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. "आरं, मग घरात तिला चिडवायला कोन हाय?"

रांगेतली माणसे हसली. मला हसू आले नाही, कारण मला दीपोटी साहेबांची तपासणी आठवली. मी तेव्हा तिसरीत होतो. साहेबांनी मला उभे करून महाराष्ट्राची राजधानी विचारली. 'मुंबई'चा 'मु' माझ्या तोंडात अडकला. मास्तरांचा चेहरा पडला. साहेब दुसऱ्या पोराकडे वळणार, एवढ्यात मागच्या बाकावरून हाच दूधवाला ओरडला होता, "सायेब, जरा थांबा. चौथ्या किकला सुरू हुतोय!" साहेब थांबले. आणि देवाशपथ सांगतो, चौथ्या किकला मुंबई निघाली.

सोमवारी मी रजा टाकली.

नगरपालिकेची शाळा आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. सहा वर्षे मी तिच्यावरून बँकेत जातो, पण आत कधी डोकावलो नव्हतो. मध्यमवर्गीय माणूस नगरपालिकेच्या शाळेत शिरतो तो मतदानाला. श्रावणातला पाऊस कोसळत होता. ओसरीच्या एका कोपऱ्यात गळतीखाली बादली ठेवली होती. तिच्यात पडणाऱ्या थेंबांचा ताल धरून दोन पोरे नाचत होती. मुख्याध्यापिका संगणकावर कसलीतरी माहिती भरत होत्या. पुढे कळले की त्यांचा निम्मा दिवस त्यातच जातो, आणि निवडणूक आली की उरलेला निम्माही. मेहुण्यांची शंका रास्त होती. ही काही स्वर्गातली शाळा नव्हती.

"ऑगस्ट उजाडला, आता घेता येईल का?" मी विचारले. बाहेरून आलेल्या माणसाचा आवाज काढायला मला त्या दिवशी प्रयास पडले नाहीत.

"नाही म्हणताच येत नाही आम्हाला," बाई म्हणाल्या. "कधीही आलं तरी घ्यायचंच."

मी पुढे झुकून कुजबुजलो, "ती जरा अडखळते."

बाई मुळीच कुजबुजल्या नाहीत. "माझ्या पहिलीत सव्वीस पोरं आहेत. त्यातली पंचवीस बोलायची थांबत नाहीत. एक थांबणारी आली तर बरंच होईल की." मग त्यांनी पेन खाली ठेवले आणि चिऊला विचारले, "नाव काय गं तुझं?"

"प..." चिऊ म्हणाली. "प... प..."

मी तोंड उघडले. टेबलाखाली सौभाग्यवतीने माझ्या पायावर पाय दिला. बाई नुसत्या बघत होत्या. घड्याळाकडे नाही, चिऊकडे. बादलीत थेंब पडत होते. मी कारकून आहे, मी ते मोजले. बाराव्या थेंबाला नाव आले, आडनावासकट.

बाईंनी जनरल रजिस्टर काढले. कापडी पुठ्ठ्याचे जाडजूड रजिस्टर पाहून मला घरी आल्यासारखे वाटले. लिहिणारा हात स्वच्छ होता, कुठे खाडाखोड नव्हती. नंबर, नाव, जन्मतारीख. ते बघताना मला याच गावातले आणखी एक रजिस्टर आठवले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, १९१४ नंबरला 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव चढले. त्या मुलाला बसायला गोणपाट घरून न्यावे लागे आणि बसावे लागे ते बाकीच्यांपासून वेगळे. तरी त्याच्या बापाने त्याला शाळेत धाडले. आता दर वर्षी ती तारीख विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, म्हणून तर माझ्यासारख्या बी. कॉम. माणसाच्या लक्षात राहिली. माझ्या मुलीला कुणी वेगळे बसवत नव्हते. वेगळे बसवले होते ते मी. एक्केचाळीस दिवस.

सही करताना बाई म्हणाल्या, "पुस्तकं आमच्याकडची, दुपारचं जेवणही आमच्याकडचं. डबा नाही आणला तरी चालेल." आईला हे सांगितले तेव्हा तिला अपमान झाल्यासारखे वाटले.

चौथ्या दिवशी चिऊ छत्री विसरली. ती द्यायला म्हणून मी बँकेत जाताना शाळेत वळलो. पहिलीचा वर्ग बेचा पाढा म्हणत होता. सत्तावीस पोरे, सत्तावीस सूर, आणि सगळ्यांचे मिळून एकच वजन. मी दाराशी न जाता भिंतीला टेकून उभा राहिलो. चिऊ खिडकीजवळ बसली होती, एका तेल चापून लावलेल्या वेणीशेजारी. 'बे चोक आठ' झाले. मी श्वास रोखला. पुढे 'प' होता. आणि 'बे पंचे दहा' अख्ख्या वर्गाबरोबर, माझ्या पोरीसकट, गतिरोधकावरून न आदळता धडधडत निघून गेले.

तेव्हा मला ते दोन गळक्या वर्गांमधले पाढे आठवले. तीस पोरांच्या आवाजात माझी राजदूत कधीच बंद पडत नसे. मी ते विसरलो होतो. चिडवणे तेवढे लक्षात ठेवले होते. वाचा-उपचारवाल्या बाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "असं होतं. सगळ्यांबरोबर म्हणताना, गाताना पुष्कळांचं अडखळणं जातं. त्यानं बरं होतं असं नाही हं." मला ते चालण्यासारखे होते. दिवसातून निदान पाऊण तास माझी मुलगी पाढ्यांत, गाण्यांत आणि प्रार्थनेत सरळ बोलत होती. ती सोय आमच्या घरात नव्हती. घरात सत्तावीस माणसे ठेवायची म्हटली तर आईचा शिरा पुरायचा नाही.

मेहुण्यांना फोन करून कळवले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "दाजी, तुमच्याकडे वेळच नव्हता. घरची शाळा हे पूर्ण वेळेचं काम आहे." त्यांच्या थोरल्याने मध धाडला. उत्तम होता. मुलगा खरोखरच हुशार आहे.

आठ दिवसांनी चिऊ घरी आली ती उड्या मारत. "बाबा, मला शाळेत नाव पडलं!"

माझ्या पोटात गोळा आला. "काय?"

"प... प... प..." तिला काही ते निघेना. मी तोंड गच्च मिटून बसलो. एकदाचे निघाले. "पॅसेंजर! सगळ्या स्टेशनांवर थ-थांबते म्हणून."

"मग तू काय केलंस?"

"मी त्याला मालगाडी म्हटलं," चिऊ म्हणाली. "तो जाडा आहे."

घरगुती शाळेचे रजिस्टर मी बंद केले. उरलेले ७६३ तास नगरपालिकेच्या नावे टाकले. दुधाचे पैसे भरायला तो आला तेव्हा मी काउंटरवरून त्याला पॅसेंजरची हकिगत सांगितली. रांगेत वीस माणसे होती, तरी सांगितली.

"राजदूतची पोरगी पॅसेंजर?" तो म्हणाला. "म्हंजी बढतीच की रं!" आणि त्याने पासबुक पुढे सरकवले.